नेहमीसारखं जेवणारं माणूस

माझं काम लोकांची शी गोळा करण्याचं आहे. हे वाक्य मी अजून घरी म्हटलेलं नाही. आईला "लॅबमध्ये काम असतं" एवढंच माहीत आहे, आणि कराडच्या मार्केट यार्डात हमाली करणारे माझे वडील ओळखीच्या माणसांना "पोरगी डॉक्टरांच्या हाताखाली हाय" असं सांगतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी ते पडताळून बघणारं कुणी नाही.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं आयुष्यभर नोकरी करून मोकळी झालेली असतात. माझी नोकरी अर्धवेळ आहे आणि एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे. तरी लिहायला बसले, कारण या कामात एका घरी जे घडलं ते माझ्या अहवालात कुठेच बसलं नाही.

आधी काम सांगते. माणूस कमी खायला लागला की त्याच्या पोटातल्या जिवाणूंचं काय होतं, आणि त्यामुळे आजाराशी लढण्याची ताकद वाढते की घटते, हा आमच्या प्रकल्पाचा प्रश्न. आपण खातो त्यातलं सगळं आपल्याला पचत नाही. साली, कोंडा, भाजीतले तंतू खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या जिवाणूंचं पोट भरतात. त्या बदल्यात ते आतड्याच्या भिंतीला लागणारं खाद्य तयार करतात. शरीराची राखण करणाऱ्या पेशींचा मोठा भाग याच भिंतीमागे असतो. माणसानं जेवण कमी केलं की जिवाणूंची पंगत बदलते. काही उठून जातात, काहींचं उलट बरं चालतं. आणि खरीच उपासमार झाली तर त्यातले काही भिंतीवरचा बुळबुळीत थरच खायला लागतात. मग राखणदारांचंही काही खरं नाही. थोडं कमी खाणं कुठं संपतं आणि उपासमार कुठं सुरू होते, ती रेघ शोधायची, असं आमच्या मॅडम म्हणतात.

त्यासाठी चातुर्मासात एकवेळ जेवणारी, किंवा वजनासाठी जेवण कमी केलेली माणसं आम्ही सातारा-सांगली भागात शोधली. मी डबी द्यायची, सकाळी भरलेली डबी बर्फाच्या पेटीत ठेवायची, माणसाचं वजन करायचं, आणि काय खाल्लं ते विचारायचं. रक्त घ्यायला वेगळा मुलगा येतो. त्याला लोक चहा देतात. मला अंगणातच उभं करतात.

"हे कशाला पायजे तुला?" हा प्रश्न प्रत्येक दारात. एका म्हातारीनं सांगितलं, "केस, नखं आन् हे, परक्याच्या हातात द्यायचं नसतं पोरी. करणी करत्यात." साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार डबीवर वेळ लिहून, सॅल्यूट ठोकावा तशी ती माझ्या हातात ठेवायचे. एकदा मात्र त्यांनी डबी धरून ठेवली. "हे कुठल्या कंपनीला चाललंय? माझ्या पोटातलं काढून त्यांनी औषध केलं, तर बाटलीवर माझं नाव टाकणार का?" मी नाही म्हटलं. "मग लिहून दे," म्हणाले. दिलं लिहून.

संशय काही एकतर्फी नव्हता. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सहभागी माणूस खाण्याबद्दल खोटं बोलतो, हे धरूनच चाल." खोटं म्हणजे लबाडी असं नाही. कराडचे एक व्यापारी दिवसातून एकदाच जेवायचे आणि गादीवर बसून दिवसभर भाजलेले शेंगदाणे तोंडात टाकायचे. मी ते लिहून घ्यायला लागले तर चिडले. "शेंगदाणं म्हंजे काय जेवन व्हय?" तेव्हापासून मी खिशांकडे, फडताळांकडे, पोरांच्या हातातल्या पुड्यांकडे बघायला शिकले. चांगली सवय नाही ही. पण लागली.

आता ते घर. सांगलीपासून जवळ, कृष्णाकाठी, जैन शेतकऱ्यांचं. नावं बदलली आहेत. घरातले थोरले अण्णा व्रती होते. दिवसातून एकदाच, सकाळी दहाच्या सुमाराला, एका बैठकीला जेवायचे. पाणी गाळून उकळलेलं. पीठ घरी दळलेलं. आमच्या प्रकल्पाला असा माणूस म्हणजे सोनंच. चोरून काही खाणार नाही याची खात्री.

कमी खाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्याच घरातलं नेहमीसारखं जेवणारं एक माणूस आम्ही घेतो. घर तेच, पाणी तेच, चूल तीच. फरक फक्त जेवणाचा. त्यांची तुलना करायची. मी हे समजावून सांगितलं तेव्हा अण्णांच्या मंडळी, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मागं वळून म्हणाल्या, "ही त्रिशला हाय की. हिची घ्या." त्रिशला त्यांची सून. नवरा कुपवाडला कारखान्यात पाळीवर. ती दारामागं उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सहीच्या वेळी मात्र ती बाहेर आली. मी नियमाप्रमाणे सगळं वाचून दाखवलं, तिनं ऐकलं आणि सही केली.

दर वेळी मी विचारायचे, "काल किती वेळा जेवलात, काय काय खाल्लं?" अण्णा स्वतः सांगायचे, मोजक्या शब्दांत. त्रिशलाच्या वेळी अक्का बोलायच्या. "नेहमीसारखंच की. तिला काय धाड भरलीया?" मी लिहायचे: नेहमीसारखं.

भाद्रपदात मॅडमनी मला बोलावलं. पुढ्यात दोन रिपोर्ट.

"या घरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या तू बदलल्यास?"

"नाही मॅडम."

"मग हे कसं? एकवेळ जेवणाऱ्याचं वजन जरा जास्तच उतरलंय, पण रक्त ठीक आहे. आणि नेहमीसारखं जेवणारी बाई बघ. हिमोग्लोबिन खाली, पांढऱ्या पेशी खाली, जिवाणूंचं चित्र उपासमारीचं. ही तरुण आहे ना?"

"हो."

"मग एकतर तू चुकलीस, नाहीतर त्या घरात डब्यांची अदलाबदल होते. शोध. नाहीतर हे घर आणि तुझं काम, दोन्हीचा मला विचार करावा लागेल."

मी चुकले नव्हते. पण शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या माणसाला आपण चुकलो नाही याचीही खात्री नसते. पुढच्या खेपेला मी डब्यांवर नावं आधीच घालून नेली, दोघांना वेगळ्या रंगाच्या दिल्या, हातोहात घेतल्या. रिपोर्ट तसाच आला. आता संशय घरावर. मी ठरवलं, जेवणाच्या वेळेला जाऊन बसायचं.

गेले तेव्हा अण्णा पाटावर बसलेले होते. त्रिशला पहाटे न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्याला घट्ट फडकं बांधून स्वयंपाक करायची आणि तीच वाढायची. अण्णांनी ताटातलं थोडं बाजूला केलं, हात जोडले, दोन घास घेतले. तिसऱ्या घासाला थांबले. बोटांनी वरणातून काहीतरी उचललं. लांब काळा केस.

अण्णांनी हात धुतला, चूळ भरली, उठले. याला अंतराय म्हणतात. व्रती माणसाच्या घासात केस किंवा मेलेला जीव निघाला की जेवण तिथंच संपलं. त्या दिवशी पुन्हा खायचं नाही. अण्णांचं वजन का उतरतंय ते मला कळलं. मी विचारायचे "किती वेळा जेवलात?" आणि ते खरं तेच सांगायचे, "एकदा." दोन घासांवर उठलेलंसुद्धा एकदाच जेवण होतं.

अण्णा ओसरीवर जपमाळ घेऊन बसले. अक्का मला परड्यात ओढत घेऊन गेल्या.

"बघितलंस न्हवं? आठवड्यात हे तिसऱ्यांदा. फडकं बांधून केस पडतोय व्हय? माझा पांढरा, हिचा काळा. टाकती ती."

"कशाला टाकतील?"

"कशाला म्हंजी? ह्यांचं व्रत सुटलं की हिचं पहाटंचं उठनं सुटलं. दळनं सुटलं. पानी गाळनं सुटलं." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आत जाऊन चुलीच्या खोलीतल्या फळीमागून एक प्लास्टिकची पिशवी आणली. "ह्यो घे पुरावा. साठा करून ठेवलाय बयेनं."

पिशवी केसांनी भरलेली होती. बोटाला गुंडाळून केलेली गुंडाळी, तिच्यावर दुसरी, दाबून दाबून बसवलेली.

मला खोटं सांगायचं नाही, क्षणभर मलाही अक्कांचंच पटलं. माणसं खाण्याबाबत काय काय करतात ते बघून बघून माझंही मन तसंच झालं होतं. पण ती पिशवी कशाची हे मला माहीत होतं. आमच्या गावातही बायका विंचरून निघालेले केस साठवतात आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिला देऊन वाटी, डबा घेतात. माझी आई घेते. वर्षभर साठवावं तेव्हा कुठं एक वाटी. मी अक्कांना विचारलं, "भांडीवाली शेवटची कधी आली होती?"

"आखाडात. का गं?"

आखाडापासून दोन-तीन महिन्यांतच एवढी पिशवी. मी ती हातात घेऊन बघितली. एवढे केस निरोगी डोक्यातून गळत नाहीत.

अक्का आत गेल्यावर त्रिशला मागच्या दगडावर भांडी घासायला आली. मी जवळ बसले. ओठांच्या कडा चिरलेल्या. पायाला विळी लागलेली जखम ओलीच.

"कधीची?"

"झाले की पंधरा-वीस दीस. भरंना झालीया."

"ताई, तुमचं रक्त कमी आलंय. तुम्ही आजारी होता का मध्ये?"

"उन्हाळ्यात टायफाईड झाला हुता. तवापास्नं केस गळायला लागलं. फडक्यातनंबी येत्यात." तिनं कपाळावरचं फडकं जरा सरकवलं. भांगाजवळ नुसती त्वचा दिसत होती.

"जेवता ना नीट?"

ती राखेनं तपेली घासत राहिली. घासता घासताच म्हणाली, "ज्या दिवशी मामांच्या ताटात केस निगतो, त्या दिवशी मला कसं गिळवंल? माझा केस, आन् मामा उपाशी. मी आपलं पानी पिते. सांजच्याला दिवा लागायच्या आत खायाचं, तर तवा कामात ऱ्हाऊन जातं. मग दुसरा दीस."

मी मोजायला लागले आणि थांबले. मोजायची गरज नव्हती. केस गळतो म्हणून अण्णा उपाशी. अण्णा उपाशी म्हणून ही उपाशी. ही उपाशी म्हणून केस आणखी गळतात. अण्णांचं तरी व्रत होतं, वर बसून जप होता, लोक पाया पडायचे. हिचा उपवास कुणाला ठाऊक नव्हता, आणि माझ्या कागदावर तो "नेहमीसारखं" म्हणून उतरत होता.

"घरात सांगा की."

"नगं बाई." तिनं माझा हात धरला, राखेचाच. "मामा म्हनतील माझ्या व्रतापायी सून उपाशी, आन् व्रत सोडतील. ते पाप कुनाच्या माथ्यावर? तुमी बोलायचं न्हाई. शब्द द्या."

दिला. तसंही एका सहभागीचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, हा नियमच आहे. डॉक्टरकडे जा एवढं सांगून, अशा वेळेसाठी जवळ असलेली मॅडमच्या सहीची चिठ्ठी देऊन मी निघाले. ती चिठ्ठी तिनं कमरेला खोचली. गेली नसणार, हा माझा संशय खरा ठरला.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा अंगणात मोटरसायकल उभी. त्रिशलाचा भाऊ आला होता. अक्कांनी फोन करून बोलावला होता. तो चप्पल न काढता ओसरीच्या पायरीवर बसला होता, आणि त्रिशलाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आत अण्णांचं जेवण नुकतंच मोडलं होतं. पुन्हा केस.

"घिऊन जावा बहिणीला," अक्का म्हणत होत्या. "हितं माणूस उपाशी मारायला ठेवलीया का तिला?"

"अक्का, माझी बहीण असं करनारी न्हाई."

"मग केस काय आभाळातनं पडत्यात?"

त्रिशला खांबाला धरून उभी होती. रडत नव्हती. अण्णा माळ हातात घेऊन, पण जप न करता बसले होते. असं परत पाठवलेल्या पोरीचं माहेरी काय होतं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. 'सासऱ्याला उपाशी मारणारी' हे नाव घेऊन ती तिथं किती दिवस राहणार, आणि परत कोण आणणार?

मला बोलायचं होतं आणि मी शब्द दिला होता. मोठ्यांच्या भांडणात तोंड घालायची मला सवय नाही. वर्गातसुद्धा मी हात वर करत नाही. मी माझ्या पिशवीतून प्रश्नांचा कागद काढला, कारण तेवढंच मला येतं.

"अण्णा, माझं काम करून जाऊ का?"

अक्का खेकसल्या. "आता? ह्या टायमाला तुझी डबी?"

"करू दे तिला," अण्णा म्हणाले. "तिचं काम हाय."

मी अण्णांना विचारलं. त्यांनी सांगितलं. मग मी त्रिशलाकडे वळले. "काल काय खाल्लं?"

"नेहमीसारखं," अक्का म्हणाल्या.

"अक्का, त्यांनीच सांगायचं असतं." मी पेन कागदावर टेकवलं. "ताई, काल?"

त्रिशलानं माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तिनं अण्णांकडे बघितलं. त्या घरात अण्णांसमोर खोटं बोलायची रीत नव्हती.

"काल काय न्हाई."

"परवा?"

"भाकरीचा तुकडा. सकाळी."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

अण्णांनी माळ खाली ठेवली. "आदल्या दिवशी अंतराय हुता," ते हळू म्हणाले. "कालबी हुता." मग सुनेकडे वळले. "पोरी, मी उठलो की तूबी जेवत न्हाईस व्हय?"

त्रिशलानं मान खाली घातली.

"डोक्याचं फडकं सोड."

"मामा..."

"सोड म्हनतो."

तिनं सोडलं. फडक्यात केसांचा झुपका आला, आणि डोक्यावर जे उरलं होतं ते बघून तिचा भाऊ उठून उभा राहिला. अक्का पुढं झाल्या. सुनेच्या डोक्याला त्यांनी हात लावला आणि हाताला आलेले केस उजेडात धरून बघत राहिल्या, जणू अजूनही त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"आगं, मग सांगायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. आवाजात अजून रागच होता, पण तो कुणावर हे त्यांनाच कळत नसावं.

"मी जीव मरू नये म्हनून पानी गाळून पितोय," अण्णा म्हणाले, "आन् माझ्या चुलीम्होरं ही अशी. ह्याला व्रत म्हनत्यात?" ते कुणाला विचारत होते कळेना. मग अक्कांना म्हणाले, "उद्यापास्नं माझं तू करायचं. तुझ्या हातचा पांढरा केस निगंल तर मी उठीन, पर तू जेवायचं. आन् हिचं ताट माझ्या आदी."

"व्रतीच्या आदी? कुटं रीत हाय अशी?"

"आता हाय."

भाऊ घुटमळला. "अण्णा, मग न्यायचं का न्हाई?"

"न्या की. म्हैनाभर न्या, दवाखान्यात दावा, दूध पाजा. आनायला मी सोता यीन. पर उपाशी पोटी माझ्या दारातनं न्यायची न्हाई. आधी जेवू द्या. तुमीबी बसा पाव्हणं, चप्पल काडा."

मॅडमनी पुढे ते घर तुलनेतून वगळलं. नेहमीसारखं जेवणारं माणूसच त्या घरात नव्हतं, म्हणून. ते बरोबरच आहे. मी मात्र बाकीच्या घरांत पुन्हा एकदा फिरले आणि दारामागं उभ्या असलेल्या एकेकीला विचारलं. काय उत्तरं आली ते अहवाल पुरा झाल्यावर लिहीन म्हणते. मला अजून त्यातल्या निम्म्यांचा भरवसा नाही. प्रश्न संपल्यावर त्रिशला माझ्याशी त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. मी शब्द मोडला का, हे मला तिला विचारता आलेलं नाही.

पण त्या दिवशी अक्कांनी स्वतः ताट वाढलं. वरण, भात, दोडक्याची भाजी, भाकरीवर तूप. त्रिशला घास हातात घेऊन बसलेली, समोर उपाशी सासरा, तिला उचलवेना. अण्णांनी तोंड फिरवून अंगणाकडे केलं. तेव्हा कुठं तिनं तो तोंडात घातला.

मी कागद आवरून पेटी उचलली. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या वेणीवर नजर थांबवली.

"आन् ही? सगळ्यांना इचारत फिरती. हिनं सकाळधरनं काय खाल्लंय?"

हॉस्टेलवरून निघताना चहा घेतला होता. "झालंय माझं," मी म्हणाले.

"खोटं बोलती," अक्का म्हणाल्या आणि माझ्यासाठी पाट मांडला.